ओट्याची उंची मिस्त्रीवर सोडू नका

ती. आई आणि बाबांना सा. न.

ओटा फोडायला मिस्त्री येणार आहे असं दादाकडून कळलं. तो उंची विचारेल, कोणी काही बोललं नाही तर ‘सगळीकडे देतो तशी’ ३४ इंच धरून मोकळा होईल. म्हणून घाईने लिहितेय. आई, तुझा खांदा आणि बाबांची मान, दोन्ही दुखणी आपण ‘आता वय झालं’ म्हणून सोडून दिली आहेत. वयाचा वाटा आहेच. पण चुकीच्या उंचीचाही आहे, आणि उंची बदलता येते.

आई, स्वयंपाकघरात घालतेस त्याच चपला घालून सरळ उभी राहा. दंड अंगालगत, कोपर काटकोनात. बाबांनी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरायचा. तुझी उंची पाच फूट, म्हणजे आकडा ३७-३८ इंचांच्या आसपास येईल. भाजी चिरण्यासारखं हलकं काम कोपराच्या ४ ते ६ इंच खाली सोपं जातं, म्हणजे तुझ्यासाठी साधारण ३२-३३ इंच. कणीक मळायला अंगाचा भार वरून यावा लागतो, त्याला आणखी खाली, २९-३० इंच बरं. ओटा उंच असला की मळताना खांदे कानाकडे चढतात आणि सगळं बळ मनगटातून काढावं लागतं. त्यासाठी वेगळं काही बांधायची गरज नाही, जेवणाचं टेबल बरोबर ३० इंचांचं आहे. परात तिथे ठेवून उभ्यानेच मळ. पोळ्याही तिथेच लाट, पोळपाटाच्या पायांचे दीड-दोन इंच वर मिळतातच. तव्याशी बाबांना उभं करता आलं तर उत्तम.

खरी गडबड गॅसपाशी आहे. ३४ इंचांचा ओटा, त्यावर शेगडीचे चार-पाच इंच, त्यावर पातेलं. म्हणजे पातेल्याचा काठ ४३-४४ इंचांवर, कोपराच्या कितीतरी वर. पिठलं किंवा शिरा ढवळताना दंड पूर्ण वेळ अधांतरी राहतो, आणि तुझा नेमका उजवा खांदा दुखतो. म्हणून शेगडीपुरता ओटा चार इंच खाली घ्यायला सांगा. मात्र सिलिंडर रेग्युलेटरसकट त्याखाली बसतो का ते आधी पाहा, नाहीतर तो शेजारच्या उंच भागाखाली ठेवा. आणि मिस्त्रीला बजावून सांगा की माप तयार फरशीपासून, ग्रॅनाइटच्या वरच्या कडेपर्यंत. नवी फरशी जुन्यावरच बसवणार असाल तर मसाल्यासकट दीड-दोन इंच जमीन वर येते. जुन्या जमिनीपासून मोजलं की तेवढा ओटा बुटका होतो, मग बेसिनपाशी कंबर वाकते. बेसिनचा तळ आधीच सहा-सात इंच खोल असतो, त्यामुळे ते जास्त खोल नको. भांडी घासताना खाली एक उलटा टोप ठेवून त्यावर ताट घास, वाकणं बरंच कमी होतं.

ओट्याखाली समोरच्या कडेला, जमिनीलगत तीन-चार इंच उंच आणि तेवढीच खोल खाच ठेवायला सांग. पावलांचे पुढचे भाग आत गेले की पोट ओट्याला टेकतं आणि पुढे झुकावं लागत नाही. उंची कमी पडते म्हणून पाटावर उभं राहायचं मात्र नाही. खांदा दुखला तर सहन होतो, त्या पाटावरून पडून खुब्याचं हाड मोडलं तर वर्ष जातं.

फडकं पिळताना मनगट उलटसुलट मुरगळू नकोस. ते नळाभोवती घालून दोन्ही टोकं एकत्र धर आणि एकाच दिशेने पिळ घाल. भरलेलं पातेलं सांडशीने उचललं की सगळं वजन अंगठ्याच्या मुळाशी येतं, म्हणून दोन कानांची भांडी वापर आणि ती दोन्ही हातांनी धर. भरलेला सिलिंडर जवळजवळ ३० किलोचा असतो, त्यात गॅस १४.२ किलो, बाकी लोखंड. तो तुम्ही दोघांपैकी कोणीही उचलायचा नाही. पोचवणाऱ्याकडूनच जागेवर ठेवून घ्या.

आता बाबा. सोसायटीचे हिशेब तुम्ही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून करता. खुर्ची १८ इंच, टेबल ३०. बसल्यावर तुमचं कोपर टेबलाच्या तीनेक इंच खाली राहतं, म्हणून खांदे उचलून टाइप करावं लागतं. बसायला तीन इंचांची घट्ट गादी घ्या, कापसाची उशी नको, ती दबते. मग पाय अधांतरी होतील, तिथे पाट वापरा, हा पाट चालतो. गुडघ्याच्या मागे आणि खुर्चीच्या कडेत दोन-तीन बोटं जागा राहू द्या. पट्टा बांधता त्या उंचीवर गुंडाळलेला टॉवेल पाठीशी ठेवा. वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या, आणि लॅपटॉप हातभर लांब, चार इंच उंचीच्या जाड पुस्तकांवर ठेवा.

पडदा डोळ्यांच्या रेषेत आणा असं सगळे सांगतात, पण तुम्हाला बायफोकल आहे. पडदा तेवढा वर गेला की खालच्या भिंगातून वाचायला हनुवटी वर करता आणि मान मागे मोडते. म्हणून चार इंचांहून जास्त उंच नको, पडदा थोडा मागे कलता ठेवा. उपाय खरा वेगळाच आहे: डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर मोजा, ते साधारण ६० सेंटिमीटर भरेल, आणि तेवढ्या अंतराचा एकाच नंबरचा चष्मा करून घ्या. हजारो रुपयांच्या ‘ऑर्थोपेडिक’ खुर्चीपेक्षा मी आधी हा चष्मा घेईन. दर अर्ध्या तासाने उठा, पाणी प्यायला जा, काहीही. आणि पाकीट मागच्या खिशात ठेवून बसू नका, एक ढुंगण वर राहतं आणि कंबर दिवसभर तिरकी.

सकाळी उठल्याउठल्या पहिला तासभर दोघांनीही वाकून कामं करू नका. रात्री आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, तेव्हा वाकल्यावर त्यांच्यावर ताण जास्त येतो. केर, रांगोळी, बादल्या, सगळं चहानंतर. बादली अर्धीच भरा.

हे सगळं नेहमीच्या दुखण्याला. पायात किंवा हातात मुंग्या आणि बधिरपणा वाढत चालला, जोर कमी झाला, रात्री झोपमोड करणारं दुखणं आलं किंवा पडल्यानंतर पाठ धरली, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा चालताना छातीत भरून येऊन दुखणं डाव्या हातात उतरलं, तर तेव्हाच, दादाची वाट न बघता, सरळ हॉस्पिटलमध्ये.

तुमची,
मनू