त्यांनी स्वतःचा रॉड काढलाच नाही

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "पकडून परत सोडूनच द्यायचे, तर मासे धरायला एवढ्या लांब जातेस कशाला?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. खरं तर मला माशांपेक्षा समोरच्या घरातल्या आजोबांबद्दलच सांगायचंय.

आमच्या न्यू जर्सीतून कॅट्सकिलच्या डोंगरातल्या रॉस्कोला जायला दोनेक तास लागतात. विलोवीमॉक आणि बीव्हरकिल या नद्यांचा तिथे संगम आहे. फ्लाय फिशिंगवाल्यांना त्या गावाचं फार अप्रूप.

बाबा, तुम्ही खाडीत पाग टाकायचात तेव्हा शिशाच्या वजनाने जाळं पसरायचं. इथे फ्लायला वजनच नसतं. आकड्यावर पिसं नि दोरा गुंडाळून केलेला तो नकली किडा. वजन असतं जाड दोरीला. ती मागे पूर्ण सुटेपर्यंत थांबायचं, मगच हात पुढे आणायचा. हे थांबणं आजोबांनी मला घरामागच्या हिरवळीवर शिकवलं, आकड्याऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. माझ्या हातातला रॉड कधी स्वतःकडे घेतला नाही. बाजूला उभं राहून नुसतं "थांब... आता!" म्हणायचे.

एप्रिलच्या अखेरीस हेन्ड्रिक्सन जातीच्या मेफ्लाय, म्हणजे नदीतले नाजूक पंखांचे किडे, पाण्यातून वर येतात. दुपारी थोडा वेळ, तेही थोडेच दिवस. एरवी दगडांआड दडलेले ब्राउन ट्राउट मासे ते खायला वर येतात. या दिवसांसाठी आजोबा हिवाळाभर फ्लाय बांधत बसतात. वय पंचाहत्तरीपुढचं, गुडघे आईसारखेच कुरकुरणारे. आणि त्या दुपारी, नदीभर मासे उसळत असताना, त्यांनी स्वतःचा रॉड पिशवीतून काढलाच नाही! काठी रोवून, गार पाण्यात माझ्या शेजारी उभे राहिले. "त्या दगडामागचा बघ. फ्लाय त्याच्या जरा वरच्या अंगाला टाक. दोरी उचलून घे, नाहीतर प्रवाह ओढेल."

मासा लागला, तेव्हा त्यांनी आधी मला हात ओले करायला लावले. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, मग तो आजारी पडतो. पिवळसर तपकिरी अंग, त्यावर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. आकड्याचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकलेला, त्यामुळे अलगद सुटला आणि गेला. आई, त्या पट्ट्यात मासा सोडावाच लागतो, तसा नियमच आहे.

परदेशात मला मदत करणारे पुष्कळ भेटले. पण वर्षभर वाट पाहिलेली दुपार कुणी अशी माझ्या हवाली केली नव्हती. आभार मानले की आजोबा लगेच विषय बदलतात. म्हणून तुम्ही दोघांनी त्यांना भेटावं असं मला फार वाटतं.

तुमचं तिकीट मेऐवजी एप्रिलअखेरचं काढते. बाबा, आपला जुना पाग बॅगेत बसला तर आणा, आजोबांना तो कसा फेकतात ते बघायचंय, हिरवळीवरच दाखवा. आई, नारळाच्या वड्या जरा जास्त कर, त्यांना आवडतात. थंडी असेल, दोघांचेही स्वेटर घ्या.

तुमची लेक