भोंगा बिघडलाय

हिल्सबरो, ऑरेगॉन

प्रिय मंगे,

हे फोनवर बोलता येत नाही. इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या, आणि माझा व्हॉट्सॲप लेक कधीही उघडून बघते. शेजारच्या बाई शनिवारी मुंबईला निघाल्यात, त्यांच्या हाती देते. गुडघा आहे तसाच, साखर बरी. झालं तब्येतीचं.

जावयाची नोकरी गेली. एका ईमेलवर. ‘इराला कळता कामा नये, आई,’ अशी लेकीची मला ताकीद. इथला व्हिसा असा, की ६० दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही, व्हिसाची दुसरी काही सोयही झाली नाही, तर गाशा गुंडाळायचा. तर हा बाबा रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून वरच्या खोलीत जाऊन बसतो. म्हणे मीटिंग आहे. मला संपातला तुझ्या अण्णांचा डबा आठवतो गं.

आता ऐक. माझं इंग्रजी सुधारावं म्हणून इरा रोज रात्री मला एक प्रकरण वाचून दाखवते. मध्येच थांबून अर्थ विचारते, आणि चुकले की आपल्या सातवीच्या बाई बघायच्या तशी बघते. मध्यंतरी लायब्ररीतून तिनंच निवडून आणलं ते बेव्हर्ली क्लिअरीचं ‘रमोना अँड हर फादर’. १९७७ चं पुस्तक. दुसरीतल्या रमोनाच्या वडिलांची नोकरी जाते, आई पूर्ण वेळ कामाला लागते. बस, एवढंच. मांजराला स्वस्तातलं खाणं आवडत नाही, म्हणून ते रात्री हॅलोविनचा भोपळा कुरतडतं. पोरगी टीव्हीच्या जाहिरातीत काम करून लाखो मिळवायचे बेत करते. शेवटी (मी आधीच डोकावून पाहिलं) वडिलांना सुपरमार्केटच्या गल्ल्यावर काम मिळतं. आपण वाचलेल्या गोष्टींत गरीब पोरं एक तर मरायची, नाही तर बोर्डात पहिली यायची. यात कुणीच काही करत नाही, आणि तरी माझ्या घशात आवंढा. ते गाव तरी कुठलं? पोर्टलंड. इथून गाडीनं जवळच. त्यातला क्लिकिटॅट स्ट्रीट खरा आहे, आणि तिथल्या ग्रँट पार्कात रमोनाचा पुतळाही आहे. लेखिका १०४ वर्षं जगली, २०२१ मध्ये गेली. मंदीत तिच्याही वडिलांची नोकरी गेली होती. उगाच नाही इतकं बिनचूक लिहिलं.

तर, वडील घरी येऊन नोकरी गेल्याचं सांगतात तिथवर इरा आली आणि थांबली. पुस्तक मिटलं. म्हणाली, ‘आज्जी, बाबाचं पण असंच झालंय ना? मला माहितीये. आईला सांगू नको हं, तिला वाईट वाटेल.’

म्हणजे आता लेक मला म्हणते नातीला सांगू नको, नात म्हणते लेकीला सांगू नको. मधल्या मध्ये मी, सासूबाई, तीही पाहुणी. गेल्या आठवड्यात जिम्नॅस्टिक्सचा क्लास ‘आता आवडत नाही’ म्हणून सोडला होता तिनं. लेक म्हणाली, मुलं चंचलच. मी गप्प.

मंगे, बाळ्याचा शर्ट!

१९८२ चा गिरणी संप, सगळं लालबाग ठप्प, आणि तू त्या सहा वर्षांच्या भावाला सांगत होतीस की भोंगा बिघडलाय, अण्णा दुसऱ्या पाळीला गेलेत. साचेखात्यातला माणूस दादरला मेथीच्या जुड्या विकत होता. मी म्हणायचे सांगून टाक, तू म्हणायचीस तुझं काय जातंय, तुझे वडील पोस्टात. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही, लक्षात ठेव. आणि गणपतीत बाळ्या म्हणाला, मला नवा शर्ट नको, मागचाच येतो. येत नव्हता गं. पोट उघडं पडत होतं. तू नळावर जाऊन रडलीस आणि वर माझ्याशीच अबोला धरलास.

तेव्हा बोलायला माझं काही जात नव्हतं, ते खरंच. आता जातं. लेकीला सांगितलं तर इराचा विश्वास जातो. नाही सांगितलं तर पोर एकटीच गिळत बसते, आणि आईबाप समजतात आपण तिला जपलं. पुस्तकातली रमोना निदान घरच्यांवर चिडू तरी शकते. इरा फारच शहाणी झालीय, त्याचीच धास्ती वाटते.

म्हणून एक काम कर. बाळ्याला विचार. पन्नाशीला आला, आता तरी सांगेल. तेव्हा त्याला कुणी येऊन ‘तुला माहितीये हे आम्हाला माहितीये’ असं म्हटलेलं हवं होतं का? की तो शर्ट नाकारण्याचा मोठेपणा त्याला स्वतःलाच ठेवायचा होता? चिडेल तो. तरी विचार. आणि तुझं मत त्यात मिसळू नकोस, जसं म्हणेल तसं कळव.

तुझ्या चाळीच्या रिडेव्हलपमेंटचं काय झालं? सही करण्याआधी कागद कुणाला तरी दाखव. सूनबाईंचे दिवस भरत आले असतील, डिंकाचे लाडू मी आल्यावर करीन. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस.

उत्तर मात्र लवकर. त्या बाई महिनाअखेरीला परत येतात, त्यांच्याकडेच दे.

तुझी,
कुंदा

ता. क. पुस्तकाची अजून दोन प्रकरणं राहिलीत. आता इरा रोज अर्धंच वाचते, आणि मीही पुढे वाच म्हणत नाही.