देवाशी भांडलीस तरी चालेल

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणीचं बाळ गेल्यापासून देवापुढे हात जोडवत नाहीत, असं तू लिहिलंस. नको जोडूस. ओढूनताणून जोडलेल्या हातांसाठी देव अडून बसला असेल, असं मला वाटत नाही.

पण 'देव असता तर असं झालंच नसतं' हे तुझं वाक्य मनातून जात नाही. माणसाच्या क्रूरपणाचं खापर माणसाच्या स्वातंत्र्यावर फोडता येतं. तान्ह्या जिवाच्या आजाराचं कुणावर फोडायचं? पूर्वकर्म म्हणावं, तर वेदान्ताचा पायाच असलेल्या ब्रह्मसूत्रांनीही देवावरचा पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आरोप त्याच आधाराने खोडला आहे. मोठ्या बुद्धीचं उत्तर आहे ते. तरी बाळाच्या आईसमोर ते उच्चारायचा अधिकार कुणालाही नाही, असं माझं ठाम मत आहे.

वनवासात द्रौपदी युधिष्ठिराला म्हणाली होती, मूल खेळण्यांशी खेळतं तसा हा विधाता आपल्याशी खेळतो. युधिष्ठिराला ते नास्तिकपणाचं वाटलं. पण कर्माचं फळ कसं उगवतं हे देवांचं गुपित आहे, असंही तो म्हणाला. आणि आपण फळावर डोळा ठेवून धर्म करत नाही, हेही. तुकोबांनी 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात बायको अन्नावाचून मेलेली पाहिली. विठ्ठलाला त्यांनी सोडलं नाही आणि त्याच्याशी भांडायचंही सोडलं नाही. बायबलमधला ईयोब तर सगळं गमावल्यावर देवालाच जाब विचारतो. तुझ्या पापांमुळेच हे झालं, असं त्याला पटवत बसलेल्या मित्रांवर शेवटी देव रागावतो. ईयोबावर नाही! मला हे फार मोलाचं वाटतं.

माझी श्रद्धा कारण कळलंय म्हणून टिकलेली नाही. ते बाळ गेलं हे चूक झालं, असं तुझ्या आत जे ओरडतंय, ते मला देवाचंच वाटतं. त्याला हे दुःख चालतं, असं मी मानूच शकत नाही. मग तो थांबवत का नाही, हे मीही त्याला विचारते. रोज विचारते, आणि त्याच्याजवळच बसून विचारते.

तू मैत्रिणीकडे जाशील तेव्हा 'देवाची इच्छा' हे शब्द तोंडातून काढू नकोस. बाळाचं नाव घेऊन बोल तिच्याशी. एव्हाना लोक ते टाळायला लागले असतील.

तुझी,
आई