रविवारच्या सिप्सन भेटीची आठवण

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी 11 वाजता लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या सिप्सन गावात जमायचं आहे. मुलांनाही आणा.

सिप्सनच का, असं काहींनी विचारलं. हीथ्रोच्या नियोजित तिसऱ्या धावपट्टीला विरोध करताना लोकांनी डोकं कसं लढवलं, ते इथेच समजतं. जानेवारी 2009 मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने या गावात एकरभर जमीन घेतली आणि तिच्या मालकी हक्कात 90 हजारांहून जास्त लोकांना सामील करून घेतलं. सक्तीने ताबा घ्यायला निघालेल्या सरकारसमोर एवढे हक्कदार उभे करायचे, ही युक्ती. तिथे फळझाडंही लावली. पुढच्याच वर्षी आणखी काही तरुणांनी गावातली एक पडीक रोपवाटिका साफ करून भाजी पिकवायला घेतली. तो मळा 2021 पर्यंत टिकला. मला जमिनीच्या तुकड्यापेक्षा हा मळा जास्त भावतो, कारण त्यात शेजारीपाजारी रोज येत-जात राहिले.

2010 मध्ये नव्या सरकारने धावपट्टी रद्द केली होती. जानेवारी 2025 मध्ये सरकारने तिला पुन्हा पाठिंबा दिला, म्हणून ही भेट आता हवीच.

जुन्या चादरी आणि रंग घेऊन या, तिथेच मराठी-इंग्रजी फलक रंगवू. गावात लोक राहतात, तेव्हा विचारल्याशिवाय घरांचे फोटो काढू नका. विमानतळाच्या कुंपणाकडे जायचं नाही आणि ड्रोन अजिबात आणायचा नाही. डबा आपापला. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नावं कळवा.