कुलवृत्तांतात नसलेल्या आत्या

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, रात्र

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. राग मानू नकोस. ताईचं ऑपरेशन झालं, ती घरी आली, दोन घास खाते आहे, हे तुला कळलंच असेल. मला जे सांगायचंय ते फोनवर बोलून झालं नसतं. त्यात जेवढं आमच्या घरचं आहे तेवढंच तुझ्याही घरचं आहे, म्हणून कागद घेऊन बसलोय. शेवटपर्यंत वाच.

आधी ताईचं. तिला ४७ पूर्ण झाली. गेल्या दिवाळीपासून तिच्या पाळीचा हिशेब बिघडला होता. दोन पाळ्यांच्या मधेच अंगावर जायचं, कधी दहा-दहा दिवस थांबायचं नाही. तिची जाऊ म्हणाली, पाळी जायचं वय आहे. आई म्हणाली, माझंही असंच झालं होतं. घराजवळच्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. असे आठ महिने गेले. मी आठवड्यातून दोनदा तिच्याकडे चहाला जाणारा सख्खा भाऊ, पण मला यातलं अक्षर माहीत नव्हतं. हे भावाला सांगायचं नसतं ना! शेवटी भाचीनं तिला हाताला धरून नेलं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड दिसलं, तुकडा तपासायला गेला, अस्तराचा कॅन्सर निघाला. पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढली. आजार पिशवीच्या बाहेर गेलेला नव्हता. भाची तेव्हा हटून बसली नसती तर, हा विचार अजून रात्री झोपू देत नाही.

ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात शेवटी एक ओळ होती. गाठीत चार प्रथिनं शोधली, त्यातली दोन सापडली नाहीत: एमएसएच-२ आणि एमएसएच-६. डॉक्टरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि जनुकांविषयी सल्ला देणाऱ्या कौन्सेलर बाईंकडे पाठवलं.

तुला आठवतं, दहावीच्या सुट्टीत आपण रावपुऱ्यातल्या छापखान्यात प्रुफं तपासायला बसायचो? तू मूळ प्रत मोठ्यानं वाचायचास, मी प्रूफावर पेन्सिल फिरवायचो. शरीरातही अगदी तसंच आहे. पेशी दुभंगताना तिच्यातल्या मजकुराची नक्कल होते, नकलेत चुका राहतात आणि त्या शोधणारी ही प्रथिनं जोडीनं बसलेली असतात. एमएसएच-२ नसलं तर एमएसएच-६ एकटं टिकतच नाही, म्हणून दोन्ही गेली. ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. ताई जन्मली तीच एक नासकी प्रत घेऊन. दुसरी चांगली होती तोवर काम चाललं. अस्तरातल्या कुठल्याशा एका पेशीत तीही बिघडली आणि तिथून चुकांवर चुका साचत गेल्या. याला लिंच सिंड्रोम म्हणतात. एमएलएच-१ आणि पीएमएस-२ या जनुकांतही असाच बिघाड असू शकतो. पीएमएस-२ वाल्यांना धोका बराच कमी. एमएसएच-२ वाल्या बायकांत मात्र म्हातारपणापर्यंत जवळजवळ निम्म्यांना गर्भाशयाचा कॅन्सर होतो, आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका बायका-पुरुष दोघांना.

बाईंनी कोरा कागद पुढे ओढला आणि तीन पिढ्यांची माणसं विचारायला लागल्या. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आमच्याकडे छापील कुलवृत्तांत आहे. दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. खापरपणजोबा सयाजीरावांच्या काळात खानगी खात्यात कारकून म्हणून आले तिथपासून सगळं त्यात आहे. मुलगे कोण, किती शिकले, कुठे चिकटले. अण्णांच्या बहिणींसाठी एक ओळ: ‘कन्या ३, विवाहित.’ बस्स. सदा, मला त्या ओळीची इतकी लाज वाटली की काय सांगू! बाईंना हव्या होत्या नेमक्या त्या तिघी.

मग मी घरी बसून शोध घेतला. आईला, ग्वाल्हेरच्या आतेभावाला, मिरजेच्या आतेबहिणीला विचारलं. थोरल्या आत्याला आम्ही ‘पोटात गाठ होऊन गेली’ म्हणत आलो. ती ४४व्या वर्षी गेली आणि गाठ पिशवीची होती. ग्वाल्हेरच्या आत्याची पिशवी पन्नाशीला काढली, म्हणून ती बरी झाली असं आम्ही धरून चाललो. दहा वर्षांनी ती गेली ती आतड्याच्या कॅन्सरनं. धाकटी आत्या ८१ची, ठणठणीत. आणि अण्णा. ५२व्या वर्षी त्यांचं आतड्याचं ऑपरेशन झालं, वर्षभरात ते गेले. बहिणींची पिशवी आणि भावाचं आतडं यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे घरात कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बाईंनी कागदावर गोल आणि चौकोन काढले, बाईचा गोल, पुरुषाचा चौकोन, आजारी पडलेले काळे केले. एका ओळीत दोन काळे गोल आणि एक काळा चौकोन शेजारी शेजारी उभे राहिले तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसलो.

महिनाभर आई एकच विचारत होती, माझ्याकडून आलं का रे? पिशवीचा आजार म्हणजे आईकडचा, असं सगळ्यांनीच धरलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिच्या माहेरची चौकशी करून जायच्या. मी तिला सांगितलं, हे अण्णांकडून आलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ह्यांना कळलं असतं तर फार लागलं असतं.’

हा आजार मुळात ओळखला गेला तोही एका बाईनं घरचं सांगितलं म्हणून. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला, १८९५ साली शिवणकाम करणारी एक बाई वॉर्थिन नावाच्या डॉक्टरांना म्हणाली, आमच्या घरात सगळे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर पिशवीच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. ती गेलीही तशीच, पिशवीच्या कॅन्सरनं. पण वॉर्थिननी तिचं बोलणं उडवून लावलं नाही, तिच्या घराण्याची माहिती जमवून १९१३ मध्ये छापली. पुढे हेन्री लिंच यांनी १९६६ पासून अशी घराणी पिच्छा पुरवून मांडली. दोषी जनुकं हाती लागायला सुरुवात झाली ती १९९३-९४ मध्ये.

ताईच्या रक्तात बिघाड नेमका सापडल्यावर माझी तपासणी सोपी होती, फक्त तेवढीच एक जागा बघायची. माझ्यातही आहे. भाऊ-बहीण, मुलं, प्रत्येकाला निम्मी शक्यता. माझी कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं आतून बघितलं. तिथे एक मोड, म्हणजे पॉलिप, होता, तो तेव्हाच काढला. आता ही दर एक-दोन वर्षांनी करायची. मोड कॅन्सर होण्याआधीच हाताला लागतो, म्हणून याचा फायदा खरा आहे. पिशवीसाठी तितकी खात्रीची तपासणी नाही. तिशीनंतर अस्तराचा तुकडा तपासत राहतात, आणि मुलंबाळं झाल्यावर चाळिशीच्या आसपास पिशवी आणि अंडाशयं काढायचा सल्ला देतात. हा सल्ला जनुकात बिघाड सापडलेल्या बाईसाठी आहे, हे लक्षात ठेव. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या क्षुल्लक कारणांवरून काढल्याचं २०१९ मध्ये केवढं गाजलं होतं! गर्भाशयाच्या अस्तराचे बहुतेक कॅन्सर वजन, मधुमेह, हार्मोन अशा कारणांचे असतात. शंभरांतले तीनेक लिंचचे. त्यामुळे प्रत्येक घरानं घाबरायचं कारण नाही.

ताईशी माझं एकदाच भांडण झालं. भाचीला स्थळं येताहेत, तेव्हा लग्न होईपर्यंत रिपोर्ट कपाटात ठेवू म्हणाली. तिची भीती खोटी नाही, लोक कसे आहेत ते मी जाणतो. पण आत्यांचंही असंच कपाटात राहिलं ना! भाची २४ची आहे, तपासायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. ठरवण्याआधी तिला माहीत तर हवं. आता ताईनं तिला सगळं सांगितलंय. दोघी मिळून रडल्या म्हणे.

आता तुझं. सदा, काकूंबद्दल, तुझ्या आईबद्दल, आपण कधी बोललो नाही. नववीत असताना वाड्यातल्या नळावर रात्री उशिरा पाण्याचा आवाज यायचा. मी एकदा जिन्यातून पाहिलं, काकू एकट्या चादरी धूत होत्या. मला तेव्हा काही कळलं नाही. ‘बायकांचं दुखणं’ म्हणत त्या गेल्या, पंचेचाळीशीही झाली नव्हती. आणि तुझ्या इंदूरच्या मामांचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, ते तूच मला सांगितलं होतंस. मी डॉक्टर नाही, तुमच्याकडे हेच असेल असं म्हणत नाही. पण हा कागद पुढ्यात आल्यापासून मला काकूंचा गोल आणि मामांचा चौकोन दिसतोय, आणि खाली तू, आणि तुझ्या दोघी.

तपासणीची सुरुवात आजार झालेल्या माणसापासून करतात. मामा आहेत, हे चांगलं आहे. त्यांना विचार, ऑपरेशन कोणत्या साली झालं, तेव्हा वय काय होतं, रिपोर्ट ठेवलाय का. काढलेल्या गाठीचे मेणातले तुकडे दवाखाने बरीच वर्षं सांभाळतात, त्यावरून आजही ती चार प्रथिनं तपासता येतात. मामांच्या आईचंही विचार. आजी कशानं गेल्या, हे तुझ्या घरात कोणी बोलल्याचं मला आठवत नाही. वहिनींना हे पत्र वाचायला दे. मुलींना कधी सांगायचं ते तुम्ही दोघं ठरवा.

पुढच्या महिन्यात मी इंदूरला येतोय. कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन येतो. मामांकडे आपण दोघं मिळून जाऊ. तू एकटा गेलास तर ते विषय बदलतील.

तुझा,
बाळ