मॅकून सफरचंदांच्या रांगेतल्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून नुसतं काका. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन व्हॅलीतल्या त्या बागेत, फळं तोडायच्या कामावर असताना, तुम्ही माझ्या आईच्या हाताखाली आपला हात धरलात, त्यासाठी हे पत्र. मुद्दाम मराठीत लिहिते आहे. दर फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, न्यू जर्सीहून, क्वीन्सहून आमची कितीतरी माणसं दीड-दोन तास गाडी हाकत सफरचंदं तोडायला येतात. तुम्ही दाखवलंत ते त्यांनाही कळायला हवं.

त्याच्या आदल्याच आठवड्यात आम्ही दुसऱ्या एका बागेत गेलो होतो. तिथे पैसे घेतले, पिशवी दिली, नकाशा दिला आणि संपलं. आईने फळ ओढलं, तशी त्याच्याबरोबर फांदीची काडीही तुटून आली. तिथला माणूस चारचौघांत तिच्यावर ओरडला. सत्तरीच्या बाईवर ओरडायला त्याला वेळ होता, कसं तोडायचं ते दाखवायला नव्हता. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुमच्या गळ्यात तेव्हा भरलेली पिशवी होती. बुशेलभर फळ म्हणजे एकोणीसेक किलो. ते ओझं अंगावर असताना तुम्ही थांबलात. आईचा तळवा फळाखाली आणलात, त्याखाली आपला धरलात, आणि फळ खाली न ओढता वर उचललंत, इतकं की त्याचं बूड आभाळाकडे झालं. मग जरासं पिळलंत. बारीक ‘टक्’ झालं आणि सफरचंद देठासकट आईच्या हातात आलं. तुमचा हात तसाच खाली होता. दुसरं फळ तिने स्वतः तोडलं, तेव्हाच तुम्ही तो काढून घेतलात.

खरी गोष्ट त्या देठाच्या मुळाशी आहे. फळ जिथे फांदीला धरलेलं असतं तिथे बोटाच्या पेरापेक्षाही लहान, सुरकुतलेली खुंटी असते. बागवाले तिला स्पर म्हणतात. पुढच्या वर्षीच्या फुलाचा डोळा याच उन्हाळ्यात तिच्यावर तयार झालेला असतो. फळ सरळ ओढलं की स्पर उपटून येतो आणि पुढचं पीकही आपल्याच हाताने जातं. देठ फळातून निसटला तर तिथली साल फाटते आणि कूज आत शिरते. आईला हे समजावून सांगावं लागलं नाही. कोकणात हापूस झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने, उतरवतात तो देठ ठेवूनच. तिने हवेत झेला धरल्यासारखे हात केले आणि तुम्ही लगेच हसून म्हणालात, “मँगो!” जमैकाच्या माणसाला आंबा काय सांगायचा! आईला इंग्रजी येत नाही, पण त्या एका शब्दावर तुमचं दोघांचं पुढचं सगळं बोलणं झालं.

1943 सालापासून तुमच्या देशातली माणसं हंगामाला अमेरिकेतल्या शेतांवर येतात. घरदार तिकडे ठेवून महिनोनमहिने इथे राबायचं, आणि तरी अनोळखी बाईसाठी ओझ्यासकट उभं राहायचं. तुम्ही एकही फळ पिशवीत टाकलं नाहीत, प्रत्येक ठेवलंत. पिशवी रिकामी करतानाही ती पेटाऱ्याच्या तळाशी टेकवून मगच बूड सोडलंत. फळाला इतकं जपणारा हात माणसालाही जपतो, हे मी त्या रांगेत पाहिलं.

आता आमच्या माणसांसाठी. काका, यात चुकलं तर तुम्ही कान धरा.

लाल रंगावर जाऊ नका. तांबडा रंग उन्हाने चढतो, आतून फळ कच्चंही असू शकतं. सावलीकडच्या बाजूचा मूळ रंग बघा. हिरवा जाऊन पिवळसर झाला की फळ तयार. एक कापून बघा, बिया तपकिरी हव्यात. झाडाच्या बाहेरच्या अंगाची आणि शेंड्याकडची फळं आधी पिकतात. कच्चं तोडून आढीत घालण्याची आपली सवय इथे कामाची नाही. तसलं सफरचंद घरी नुसतं मऊ पडतं, चव मागेच राहते. आणि बोटाने दाबून बघू नका, आज दाबलं तिथे उद्या डाग दिसतो.

आपल्याला हवा तो वाण कोणत्या आठवड्यात येतो हे निघण्याआधी विचारा. या भागात मॅकिंटॉश आणि हनीक्रिस्प सप्टेंबरातले, एम्पायर आणि मॅकून त्यामागचे, फुजी ऑक्टोबर सरता सरता. हनीक्रिस्पसाठी ऑक्टोबरच्या मध्यावर येणाऱ्यांना बहुतेक रिकामी झाडं बघावी लागतात. चार माणसांना एक पेक, म्हणजे पावणेपाच किलोच्या आसपास, पुरे होतो.

झाड हलवू नका, चढू तर मुळीच नका. नव्या बागांतली झाडं खुज्या खुंटावर कलम केलेली असतात. मुळं उथळ, तारेच्या आधाराने उभी, फळांनी आधीच वाकलेली. खाली पडलेलं फळ गोळा करू नका. तिथे हरणांची विष्ठा असते, त्यातून ई. कोलाय हा पोटाला घातक जंतू येतो, आणि गांधीलमाश्याही त्याच फळांवर बसतात. सायडर, म्हणजे इथला सफरचंदाचा ताजा रस, घेताना तो पाश्चराइज केलेला (जंतू मारलेला) आहे ना ते विचारा, लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर नक्कीच. ऑक्टोबरातही गवतात गोचीड असते, त्यामुळे पँट मोज्यात खोचा आणि घरी गेल्यावर अंग नीट तपासा.

घरी फळं आधी धुऊ नका. सालीवरचा पांढुरका मेणाचा थर असू द्या. भोकं पाडलेल्या पिशवीत, फ्रिजच्या खणात, कोथिंबिरीपासून लांब ठेवा. सफरचंदातून इथिलीन वायू निघतो आणि शेजारची कोथिंबीर लवकर पिवळी पडते. डागाळलेलं फळ आधी संपवा, एक कुजलं की शेजारची धरतात. कोशिंबिरीला कॉर्टलंड घ्या, चिरल्यावर लवकर काळं पडत नाही. मॅकिंटॉश शिजून विरघळतं, तेव्हा फोडींचा मुरंबा त्याचा होत नाही, जॅम मात्र छान होतो. मेथांब्याला कैरीच्या जागी ऱ्होड आयलंड ग्रीनिंग. आंबट, घट्ट, गुळात मस्त मुरतं.

काका, त्या दिवशी आणलेल्या ग्रीनिंगचा मेथांबा आईने केला आहे. महिनाअखेरीला फुजीच्या रांगेत येतो आहोत. बाटलीवर तिने चिठ्ठी चिकटवली आहे. मला विचारून विचारून, इंग्रजी अक्षरं गिरवत तिने त्यावर एकच शब्द लिहिलाय : मँगो.

आपली,
न्यू जर्सीतल्या एडिसन गावची एक लेक