कालाकोटच्या दगडांतला पुरावा

महोदय,

‘माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला का?’ हा प्रश्न अजून अधूनमधून कानावर येतो. जानेवारी 2018 मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, याच मुद्द्यावर डार्विनला चुकीचे ठरवले. त्याचा प्रतिवाद करायला देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना एकत्र निवेदन काढावे लागले. सिंह हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. साक्षीदार मिळाला नाही म्हणून त्यांच्या खात्याने खुनाचा तपास गुंडाळला असता का?

उत्क्रांतीचा तपासही मागे राहिलेल्या खुणांवरच चालतो, आणि त्यातल्या काही फार बोलक्या खुणा भारतातच मिळाल्या आहेत. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधील कालाकोटहून जीवाश्मांचे दगड गोळा केले होते. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीने ते अमेरिकेतील संशोधक हान्स थेविसन यांना दिले. प्रयोगशाळेत त्यातली एक कवटी चुकून फुटली आणि कानाचे हाड उघडे पडले. त्याची आतली भिंत जाड होती, अगदी देवमाशाच्या कानात असते तशी! प्राणी मात्र छोटासा, चार पायांचा, खूर असलेला. सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा हा इंडोहायस, देवमाशांच्या पूर्वजांचा जवळचा नातलग. त्याच्या पायांची हाडे पाण्यात तळावरून चालणाऱ्या प्राण्यासारखी जड होती. हे संशोधन 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आपले जीवाश्मशास्त्रज्ञ सुनील बाजपेयीही होते. त्यानंतरच्या काळातले, पाय असलेले देवमासे कच्छच्या खडकांत सापडले आहेत. आजच्या देवमाशाच्या शरीरातही कमरेची हाडे शिल्लक आहेतच. देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग पाणघोडा, हे डीएनएच्या तुलनेतून 1990 च्या दशकातच दिसले होते. 2001 मध्ये पाकिस्तानातल्या आद्य देवमाशांची घोट्याची हाडे अभ्यासली गेली, तीही पाणघोड्याच्या समखुरी (सम संख्येने खूर असलेल्या) गटाशीच जुळली.

यावर ‘मग पहिला जीव कुठून आला?’ असे विचारले जाते. तो प्रश्न वेगळा. 1953 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिलर यांच्या प्रयोगात साध्या वायूंमध्ये ठिणग्या पाडून अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळाली. तिथून जिवंत पेशीपर्यंतची वाट पुरती उलगडलेली नाही, हे शास्त्रज्ञच सांगतात. पण त्यामुळे कच्छच्या देवमाशांचे पाय खोटे ठरत नाहीत.

एनसीईआरटीने 2023 मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला. तो बारावीत आहे, असे समर्थन केले जाते. पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांचे काय? आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. नवा अभ्यासक्रम येताना तो गळू नये, आणि त्यात सरपटणारे व सस्तन प्राणी यांतला दुवा म्हणून येणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या प्लॅटिपसबरोबर कालाकोट व कच्छची नावेही यावीत, एवढी विनंती पाठ्यपुस्तक मंडळाकडे आहे.

– एक विज्ञान शिक्षिका, सातारा